दहा हजार

परवा मोहटोल्यात, तिसऱ्या अंकात,
माझा फोन मेला.

पूर्वी वही होती, निळ्या शाईची, दोरीनं शिवलेली.
मागच्या हंगामात ती धानाच्या कोठीत उंदरांनी वाचली.
तेव्हापासून अख्खं नाटक फोनमध्ये,
फोन माझ्या हातात,
आणि मी विंगेत, सतरंजीच्या घडीवर,
शब्द पुढे सारत बसलेला.

हिरोनं सुरा उपसला, बापासमोर उभा राहिला,
"बाबा," म्हणाला, आणि माझ्याकडे पाहिलं.
माझ्याकडे काळी काच. तिच्यात माझंच नाक.
समोर सारं गाव तणसावर, घोंगड्या पांघरून गप्प.
सुचलं ते पुटपुटलो: "माफ केलं."
लिहिलेलं होतं: खून.

पेटीवाल्यानं सूर धरून सावरलं, पडदा पडला,
टाळ्या मात्र खुनापेक्षा जास्त पडल्या.
लेखकाचा फोन आला असेल.
माझा बंद होता.

म्हणून आज वडशात, स्टेशनच्या रस्त्यावर,
प्रफुल निकुरेच्या दुकानात.
तो काचेवर तीन मांडतो.

एक लिपस्टिकएवढा.
"याच्यात तुमचा फोन एकडावबी धड भरत नाही जी,
हा कालेजातल्या पोरींसाठी."

एक वीस हजाराचा, अर्ध्या विटेसारखा.
खिशात टाकला तर सदरा एका खांद्यावर आला.
त्याला टॉर्चही आहे. विंगेत तो पेटला
तर लोकांना नायिकेआधी माझे गुडघे दिसतील.
स्वतः भरायला किती घेतो?
"रातभर."
रातभर तर आम्ही जागे. दिवसा शाळेच्या वऱ्हांड्यात झोपतो,
तिथं प्लग एक, तोही साउंडवाल्याचा,
आणि दुपारी लाइन जातेच.

तिसऱ्यावर पन्नास हजार लिहिलेलं. किंमत तीनशे.
कानाशी धरून हलवला.
आत काहीतरी खुळखुळलं, पावडरच्या डब्यात रेती भरल्यासारखं.
प्रफुल हसला. मीही.
आकड्यांचं मला कोणी सांगू नये.
आमच्या पोस्टरवर पंचवीस कलावंतांचा ताफा असतो,
गाडीतून उतरतात अकरा,
त्यातला एक ड्रायव्हर.

मग त्यानं खालच्या खणातून चौथा काढला.
"हा दहा हजार. लिवले दहा, हाती येते सहा-साडेसहा.
बाकीचं तारेत अन् गरमीत जाते."
हे त्यानं न विचारता सांगितलं,
तिथंच माझा हात पाकिटाकडे गेला.
वजन पावशेर वांग्यांएवढं. दोन भोकं, चार ठिपके.
निळा ठिपका फार लुकलुकत होता,
त्यावर दुकानातच चिकटपट्टी लावून घेतली.
साडेनऊशेचे आठशे सत्तर केले. वायर त्यातच.

दोन भोकं घेताना मला माहीत होतं.
एक माझं. दुसऱ्याला रांग.
प्रणोती गुरनुले दुसऱ्या अंकात मरते,
मग रंग पुसता पुसता ब्रह्मपुरीला व्हिडिओ लावते.
पोरगी झोपलेली असते. सासू नुसता फोन
तिच्या तोंडावर धरून बसते,
ही इकडे बघत राहते, बोलत काहीच नाही.
खलनायक लेनगुरेची म्हैस व्यायला आली आहे,
दर प्रवेशानंतर घरी विचारतो.
पेटीवाला कारण सांगत नाही,
आपली वायर पुढे करतो.

गाडी निघाली. डब्बा छातीपाशी, कोमट,
पट्टीखालून तीन ठिपके अंधुक.
आज शंकरपटाचं नाटक, गर्दी परवापेक्षा मोठी.
हिरो मागच्या सीटवरून वाकला.
"भरला का जी फोन?"
भरतो आहे.
"तिसरा अंक हाये ना त्याच्यात?"
आहे. खुनासकट.

बराच वेळ तो खिडकीबाहेर
कापलेल्या बांध्यांकडे पाहत राहिला.
मग हळूच, लेनगुरेला ऐकू जाऊ नये असं:
"आजबी माफच करू का?"